अकरात कोण?

वॉशिंग्टन सुंदरचं पुण्याशी असलेलं नातं बदली खेळाडूचं आहे. २०१७ च्या आयपीएलला रविचंद्रन अश्विन दुखापतीमुळे मुकला आणि रायझिंग पुणे सुपरजायंटने त्याच्या जागी चेन्नईचा हा सतरा वर्षांचा पोरगा घेतला. १६ मे रोजी वानखेडेवर मुंबई इंडियन्सविरुद्ध त्याने चार षटकांत १६ धावा देऊन रोहित शर्मा, अंबाती रायुडू आणि कायरन पोलार्ड यांना बाद केलं आणि पुणे अंतिम फेरीत गेलं. (तो अंतिम सामना आपण एका धावेने हरलो. त्यावर पुण्यात अजून बोलणं होतं, इथे नको.) पुढे जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनला अश्विन आणि जडेजा दोघेही जायबंदी होते, तेव्हा नेटमध्ये गोलंदाजी करायला म्हणून ऑस्ट्रेलियात मागे ठेवून घेतलेला हाच सुंदर कसोटीत उतरला आणि ६२ धावा करून गेला. मग ऑक्टोबर २०२४. बंगळूरला न्यूझीलंडने भारताचा डाव ४६ धावांत गुंडाळून पहिली कसोटी जिंकली होती. दुसरी कसोटी पुण्याजवळ गहुंज्याला. सुंदर मूळ संघात नव्हताच. रणजीत दिल्लीविरुद्ध १५२ धावा केल्यावर त्याला बोलावून घेतलं. साडेतीन वर्षांनी तो कसोटी खेळत होता. कुलदीप यादव बाहेर बसला, सुंदर आत आला, आणि ३ बाद १९७ वर सुखाने चाललेला न्यूझीलंडचा डाव २५९ वर संपला. सुंदर ५९ धावांत ७ बळी. उरलेले तीन अश्विनचे.

भारत ती कसोटी ११३ धावांनी हरला. मायदेशातल्या सलग १८ मालिकाविजयांची साखळी तिथे तुटली.

तेव्हा सांगा, सुंदरची निवड बरोबर होती की चूक? सात बळी बघून बरोबर म्हणावी, तर सामना गेला. सामना गेला म्हणून चूक म्हणावी, तर त्याने दोन डावांत ११ बळी घेतले. आणखी काय करायचं होतं? कुलदीप खेळला असता तर काय झालं असतं, याची नोंद जगातल्या कुठल्याही धावफलकात सापडणार नाही. जो खेळला नाही त्याच्या नावापुढे रकानाच नसतो. हे पुस्तक त्या नसलेल्या रकान्याच्या भोवती फिरतं. अकरा निवडताना आकड्यांवर किती भिस्त ठेवायची, आणि त्या अकरांच्या मागे रांगेत उभे असलेले चार-पाच जण येतात कुठून, एवढे दोनच प्रश्न त्यात आहेत. उत्तरं पुण्याच्या मैदानांवरून शोधली आहेत, कारण मला ती मैदानं ठाऊक आहेत. आणि अधूनमधून अमेरिकेच्या बेसबॉलमधून, कारण तिथे याच प्रश्नावर शंभर वर्षं लिखापढी झालेली आहे.

सुंदरला घेण्याचं उघड कारण सगळ्यांच्या तोंडी होतं: न्यूझीलंडकडे डावखुरे पुष्कळ. लॅथम, कॉनवे, रचिन रवींद्र, खाली सँटनर. उजव्या हाताने ऑफस्पिन टाकणाऱ्याचा चेंडू डावखुऱ्या फलंदाजापासून बाहेर जातो, आणि बाहेर जाणारा चेंडू खेळायला अवघड, हे गल्लीत खेळणाऱ्या पोरालाही कळतं. त्यातच उजव्या हाताचे वेगवान गोलंदाज यष्टीच्या डावीकडून धावत येऊन जिथे पाय आपटतात, तिथली माती समोरच्या टोकाकडून टाकणाऱ्याच्या दृष्टीने नेमकी डावखुऱ्याच्या ऑफ यष्टीबाहेर उकरलेली असते. ऑफस्पिनरला आयतं रान. रवींद्रचा त्रिफळा गेला तो चेंडू या सगळ्या शास्त्राचं चित्रच होता. हवेत किंचित आत आला, टप्पा पडल्यावर वळला, ६५ धावा काढून स्थिरावलेल्या माणसाच्या बॅटच्या बाहेरच्या कडेजवळून गेला आणि ऑफ यष्टीच्या माथ्यावर लागला.

पण पुढचे सहा बळी बघा. मिचेल, ब्लंडेल, फिलिप्स, साउदी हे चौघे उजव्या हाताने खेळणारे. म्हणजे डावखुऱ्यांसाठी आणलेल्या गोलंदाजाचे सातातले चार बळी उजव्यांचे. २०१७ मध्ये वानखेडेवर त्याने ज्या तिघांना बाद केलं तेही तिघे उजवेच. शिवाय एक बारीक गोष्ट, जी त्या आठवड्याच्या चर्चेत फारशी कुणी लक्षात घेतली नाही. कुलदीप डाव्या हाताने मनगटी फिरकी टाकतो. त्याचा नेहमीचा चेंडूही डावखुऱ्यापासून बाहेरच जातो. म्हणजे नुसतं चेंडूच्या दिशेवर बोलायचं, तर जो बाहेर बसला तो आणि जो आत आला तो एकाच कामाचे होते. खरा फरक बॅटचा होता. ४६ धावांत डाव आटोपलेल्या संघाला खालच्या क्रमांकावर धावा करणारा माणूस हवा होता, आणि तो दिल्लीत दीडशे करून तयार बसला होता. डावखुऱ्यांचं कारण खोटं नव्हतं, पण निम्मं होतं. संघनिवडीत असं नेहमी होतं. निर्णय चार गोष्टी बघून घेतात, आणि सांगताना त्यातली जी आकड्यात सांगता येते तेवढी सांगतात.

याच गहुंज्याला फेब्रुवारी २०१७ मध्येही भारताने हाच डाव टाकला होता. ऑस्ट्रेलियाकडे वॉर्नर, रेनशॉ, शॉन मार्श असे डावखुरे, म्हणून अश्विनच्या जोडीला दुसरा ऑफस्पिनर जयंत यादव. जयंतने दोनच महिने आधी मुंबईला इंग्लंडविरुद्ध कसोटी शतक ठोकलं होतं. म्हणजे इथेही बॅट जोडीला होतीच. त्याने वॉर्नरचा त्रिफळा उडवलाही, पण तो नोबॉल निघाला. पाय रेषेच्या मागे पडला असता तर त्या निवडीबद्दल आपण आज वेगळं बोललो असतो. तसं झालं नाही, भारत १०५ आणि १०७ धावांत बाद झाला, ३३३ धावांनी हरला, आणि पुढच्या कसोटीत जयंत संघाबाहेर. तेच मैदान, तोच तर्क. एकदा सात बळी, एकदा एक नोबॉल. दोन्ही वेळा पराभव.

आणि दोन्ही वेळा आपल्याला गुंडाळलं ते डाव्या हाताच्या अशा फिरकी गोलंदाजांनी, ज्यांच्या जुन्या आकड्यांत भिण्यासारखं काही नव्हतं. स्टीव्ह ओकीफने दोन्ही डावांत ३५ धावांत ६ असे बळी घेतले. त्याची कारकीर्द नऊ कसोटींची, बळी ३५. त्यातले १२ एकट्या गहुंज्यात. मिचेल सँटनर तर बंगळूरला अकरात नव्हताच. मॅट हेन्री दुखावला म्हणून तो पुण्यात आला. त्याआधी कसोटीत एकदाही त्याने डावात पाच बळी घेतलेले नव्हते. पुण्यात ५३ धावांत ७ आणि १०४ धावांत ६. त्यातला विराट कोहलीचा बळी मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे. डाव्या हाताच्या फिरकीपुढे कोहली अडखळतो, हे तोवर प्रत्येक विश्लेषकाच्या तक्त्यात लिहिलेलं होतं. तो बाद झाला ते मात्र एका खालच्या फुलटॉसवर, आडव्या बॅटने मारायला जाऊन, अवघ्या एका धावेवर. चेंडू वळलाच नाही, कारण त्याने टप्पाच घेतला नाही. तक्ता खरा ठरला, पण तक्त्यात ज्या कारणाने तो बाद व्हायचा होता त्याचा या चेंडूशी काही संबंध नव्हता. आता हा बळी 'डाव्या हाताच्या फिरकीविरुद्ध' या रकान्यात आणखी एक म्हणून जमा झाला आहे, आणि पुढचा विश्लेषक तो मोजणार आहे.

बेसबॉलकडे वळतो ते इथे.

तिथे डाव्या-उजव्याचं गणित उघडपणे मांडलं जातं. उजव्या हाताने चेंडू फेकणाऱ्या पिचरचा वळणारा चेंडू उजव्या हाताच्या बॅटरपासून दूर जातो, म्हणून एका हाताचे दोघे समोरासमोर आले की फायदा पिचरचा. (क्रिकेटच्या ऑफस्पिनमध्ये हे उलटं होतं, तिथे उजव्या हाताच्या गोलंदाजाला डावखुरा सोपा. हात महत्त्वाचा नाही, चेंडू कुठे जातो ते महत्त्वाचं.) मग व्यवस्थापकांनी युक्ती काढली: एकाच जागेसाठी दोन माणसं ठेवायची, एक डावखुरा, एक उजवा, आणि समोर पिचर कुठल्या हाताचा आहे ते बघून त्यातला एक उतरवायचा. याला ते प्लॅटून म्हणतात. १९१४ साली जॉर्ज स्टॉलिंग्ज यांचा बॉस्टन ब्रेव्ह्ज संघ जुलैच्या सुरुवातीला तळाला होता. आउटफिल्डमध्ये अशा जोड्या फिरवत फिरवत त्यांनी लीग जिंकली आणि वर्ल्ड सिरीजमध्ये फिलाडेल्फियाला चारी सामन्यांत हरवलं. केसी स्टेंगल यांच्या यँकीज संघाने १९४९ ते १९५३ सलग पाच अजिंक्यपदं मिळवली, त्यातही ही फिरवाफिरव होती. बाल्टिमोरचे अर्ल वीव्हर तर कार्डांवर कोण कुणाविरुद्ध कसा खेळतो ते लिहून ठेवत. त्यांचे लोवेनस्टाइन आणि रोनिकी हे दोघे डावीकडच्या आउटफिल्डची एकच जागा वाटून घेत. १९८२ मध्ये दोघांनी मिळून ४५ होमरन केले. दोघांपैकी एकालाही रोज खेळवलं असतं तर एवढे झाले असते का? कोण सांगणार. तोच नसलेला रकाना.

हे पुढे इतकं वाढलं की एकाच डावखुऱ्या बॅटरपुरता एक डावखुरा पिचर आणायचा, चार चेंडू टाकून घ्यायचे आणि काढायचा, असा प्रकार रोजचा झाला. शेवटी २०२० पासून अमेरिकेच्या मोठ्या लीगने नियम केला की आलेल्या पिचरने किमान तीन बॅटरना तोंड द्यावं, नाहीतर निदान ती इनिंग संपवावी.

मला बेसबॉलमधून घ्यायची आहे ती गोष्ट वेगळीच आहे. टँगो, लिक्टमन आणि डॉल्फिन या तिघा अभ्यासकांनी २००७ साली पुस्तक काढलं, त्यात त्यांनी विचारलं की एखादा बॅटर डावखुऱ्या पिचरविरुद्ध 'विशेष चांगला' आहे हे त्याच्या आकड्यांवरून कधी मानावं. उत्तर चक्रावून टाकणारं आहे. उजव्या हाताच्या बॅटरच्या डावखुऱ्यांविरुद्धच्या सुमारे २२०० पाळ्या झाल्या, तर त्याच्या आकड्यावर अर्धा विश्वास ठेवावा. उरलेला अर्धा विश्वास सर्वसाधारण उजव्या बॅटरच्या सरासरीवर. नियमित खेळणाऱ्याला हंगामात सहाशेच्या आसपास पाळ्या मिळतात, त्यातल्या पाव ते तिसरा हिस्सा डावखुऱ्यांपुढे. म्हणजे अर्धा विश्वास बसायलाच अकरा ते पंधरा वर्षं खेळावं लागतं. तोवर माणूस निवृत्तीला येतो.

आता हाच विचार आपल्याकडे लावून पाहा. समजा एखाद्या फलंदाजाने डाव्या हाताच्या फिरकीपुढे १८० धावा केल्या आणि सहा वेळा बाद झाला. सरासरी ३०. त्यातला एक झेल स्लिपमध्ये सुटला असता तर ३६. पंचांनी एक पायचीत जास्त दिला असता तर २६च्या खाली. ३६ वाला 'फिरकी उत्तम खेळतो' आणि २६ वाला 'फिरकीपुढे कच्चा'. मधला फरक एका क्षेत्ररक्षकाच्या बोटांचा आणि एका पंचाच्या नजरेचा. आणि हे फक्त डाव्या हाताच्या फिरकीचं झालं. त्यातून मायदेशातलं, त्यातून दुसऱ्या डावातलं, त्यातून पहिल्या वीस चेंडूंतलं असं कापत गेलं की प्रत्येक काप नेमका दिसतो आणि प्रत्येक कापात चेंडू उरतात मूठभर. आकडा जितका बारीक, तितका तो कमी चेंडूंवर उभा. आणि निवड समितीला प्रश्न पडतो तो नेमका बारीकच असतो: गहुंज्याच्या काळ्या मातीवर, या गुरुवारी, हा की तो?

पुण्यात हा वाद क्रिकेटच्या बाहेरही होऊन गेला आहे, आणि तो मला या पुस्तकासाठी फार उपयोगी पडला. बीएमसीसी रस्त्यावरच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडला. माणसाला दिवसाला सरासरी २२५० उष्मांक लागतात, एवढं अन्न ज्या खर्चात मिळतं त्याच्या खाली जे आहेत ते दरिद्री. फर्ग्युसनचे माजी विद्यार्थी आणि नमुना पाहणीच्या शास्त्रातलं मोठं नाव असलेले पां. वा. सुखात्मे यांनी यावर हरकत घेतली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: सरासरी गरज म्हणजे किमान गरज नव्हे. एकाच निरोगी माणसाची गरज दिवसागणिक वरखाली होते, आणि शरीर एका मर्यादेपर्यंत ते सांभाळून घेतं. तेव्हा एका दिवशी सरासरीच्या खाली खाणाऱ्याला उपाशी ठरवणं चूक. दांडेकरांनी प्रत्युत्तर दिलं, आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला दोघांत जोरदार खडाजंगी झाली. दारिद्र्याच्या बाबतीत कोण बरोबर, यात मी पडत नाही. गरिबांच्या पोटाचा प्रश्न आणि मधल्या फळीतल्या फलंदाजाचा प्रश्न एका तागडीत तोलू नयेत. पण सुखात्म्यांचा मूळ मुद्दा निवड समितीच्या टेबलावर तसाच्या तसा ठेवता येतो. एकाच माणसाची कामगिरी माणूस न बदलता वरखाली होते. चार डाव खाली गेला म्हणजे तो बिघडला असं नाही, आणि चार डाव वर गेला म्हणजे तो सुधारला असंही नाही. दांडेकरांची बाजूही तिथेच ठेवावी लागते. लाखो माणसांचं धोरण ठरवायला सरासरीशिवाय दुसरं हत्यार नाही, तसंच राज्यभरातली शंभर मुलं चाळून तीस निवडायला आकड्याशिवाय मार्ग नाही. शंभरातून तीस काढायला आकडा चांगला. बाराव्या आणि अकराव्यातला एक निवडायला तो फार अपुरा पडतो.

करुण नायरचं उदाहरण द्यायचा मोह आवरत नाही. डिसेंबर २०१६ मध्ये चेन्नईला त्याने इंग्लंडविरुद्ध नाबाद ३०३ धावा केल्या. पुढच्या कसोटीत रहाणे परतला आणि नायर बाहेर. गहुंज्याला भारत १०५ वर बाद होत असताना कसोटीत त्रिशतक काढलेला माणूस राखीव खेळाडूंत बसून होता. रहाणेने दोन वर्षं जे केलं ते एका डावाने पुसलं जात नाही, असा कोहलीच्या म्हणण्याचा रोख होता, आणि मला तो चुकीचा वाटत नाही. नायरवर अन्याय झाला हेही तितकंच खरं. दोन्ही एकदम खरं असू शकतं, कारण जागा एकच होती. नंतर नायर विदर्भाकडून खेळायला लागला. २०२४-२५ च्या विजय हजारे करंडकात त्याने ७७९ धावा केल्या, सरासरी ३८९.५०. हा आकडा वाचून काय समजायचं? एवढंच, की स्पर्धाभर त्याला दोनदाच बाद करता आलं. अशी सरासरी फलंदाजाबद्दल कमी आणि भागाकाराबद्दल जास्त सांगते. त्या हंगामाच्या जोरावर तो आठ वर्षांनी भारताकडून परत कसोटी खेळला, २०२५ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये चार कसोटींत २०५ धावा केल्या, आणि परत बाहेर गेला.

महाराष्ट्राच्या क्रिकेटचा इतिहास तर अशा आकड्यांनी भरलेला आहे. डिसेंबर १९४८. पूना क्लबचं मैदान. भाऊसाहेब निंबाळकर काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३. ब्रॅडमनच्या ४५२ या तेव्हाच्या जागतिक विक्रमाला नऊ धावा कमी. महाराष्ट्र ४ बाद ८२६. मधल्या सुट्टीत काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी डाव घोषित करा म्हणून धरून बसून शेवटी सामनाच सोडला आणि आपला संघ घेऊन ते निघून गेले. निंबाळकर खेळत राहिले असते तर? पुन्हा तोच रकाना. भारतीय फलंदाजाने प्रथम श्रेणीत काढलेल्या त्या सर्वांत जास्त धावा. निंबाळकरांना अधिकृत कसोटी सामना कधीच मिळाला नाही. शंतनू सुगवेकर १९८८-८९ मध्ये पुण्यात मध्य प्रदेशविरुद्ध नाबाद २९९ वर अडकला. दुसऱ्या टोकाला कुणी उरलं नाही. एक धाव झाली असती तर त्याचं नाव त्रिशतकवीरांच्या यादीत कायमचं गेलं असतं. त्याच्या फलंदाजीत मात्र त्या एका धावेने काडीचाही फरक पडला नसता. २०१६ मध्ये स्वप्नील गुगळे आणि अंकित बावणे यांनी दिल्लीविरुद्ध वानखेडेवर ५९४ धावांची अभेद्य भागी केली. प्रथम श्रेणीच्या इतिहासात तिच्यापेक्षा मोठी एकच, जयवर्धने-संगकारांची ६२४. मग दिल्लीने उत्तर दिलं ५९०, त्यात ऋषभ पंतच्या ३०८. सामना अनिर्णित. खेळपट्टी कशी होती ते वेगळं सांगायला नको.

प्रा. दि. ब. देवधरांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. एस. पी. कॉलेजात संस्कृत शिकवणाऱ्या या माणसाने १९२६ मध्ये गिलिगनच्या एमसीसी संघाविरुद्ध १४८ केल्या. भारताने पहिली कसोटी खेळली ती १९३२ साली, तेव्हा देवधर चाळीस वर्षांचे होते आणि त्या संघात नव्हते. त्यानंतर आठ वर्षांनी, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी रणजीत मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या. देवधर डाव्या हाताच्या फिरकीपुढे कसे खेळत याचा आकडा कुणी मागितला तर देता येणार नाही. जुन्या स्कोअरबुकात तशी सोयच नव्हती. फलंदाजाच्या ओळीत धावा, गोलंदाजाच्या चौकटीत सहा टिंबं किंवा आकडे, बळी गेला की एक खूण; गोलंदाज कुठल्या हाताचा, चेंडू कुठे पडला, यातलं काही नाही. तेव्हाची निवड समिती कशावर निवडत असेल? मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बघून. त्यात डोळ्यांचे दोष होते, ओळखीपाळखीचे, जातीपातीचे आणि संस्थानिकांच्या मर्जीचेही होते, हे विसरून त्या काळाचे गोडवे गाऊ नयेत. आकड्याने निदान एवढं केलं की परभणीच्या किंवा नंदुरबारच्या मुलाला पुण्यातल्या कुणाची ओळख नसली तरी त्याच्या धावा टेबलावर पोचतात.

आता राखीव फळीचं. देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोनदा रणजी जिंकली. त्यानंतर आजवर एकदाही नाही. अंतिम फेरी तीनदा गाठली. शेवटची २०१३-१४ मध्ये, ज्या हंगामात केदार जाधवने १२२३ धावा केल्या आणि अंतिम सामन्यात कर्नाटकाने हरवलं. ऐंशी वर्षांत चांगले फलंदाज कमी पडले असं कुणी म्हणणार नाही. बोर्डे, कानिटकर पिता-पुत्र, भावे, गुंजाळ, अलीकडे ऋतुराज आणि राहुल त्रिपाठी. कमी पडला तो बारावा, तेरावा, चौदावा. पहिली गळती तर जिंकतानाच सुरू झाली होती. सांगलीच्या विजय हजारेंनी १९३९-४० मध्ये पुण्यात बडोद्याविरुद्धच नाबाद ३१६ धावा केल्या, रणजीतलं पहिलं त्रिशतक. आणि लवकरच ते बडोदा संस्थानाच्या चाकरीत जाऊन बडोद्याकडूनच खेळू लागले. निंबाळकरही होळकर आणि पुढे रेल्वेकडे गेले. पोटापाण्याचा प्रश्न होता, संघनिष्ठेची प्रवचनं कुणाला द्यायची? आज एकाच राज्यात मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र असे तीन संघ आहेत. विदर्भाने २०१७-१८ पासून तीनदा रणजी नेली.

राखीव फळीची खोली म्हणजे नुसती यादी लांब असणं नव्हे. इम्रान ताहीरला २०१७ च्या लिलावात कुणी घेतलंच नव्हतं. मिचेल मार्श दुखावला म्हणून पुण्याने त्याला घेतलं आणि त्याने १८ बळी मिळवले. मग बाद फेरीआधी तो आणि स्टोक्स आपापल्या देशाकडे गेले, आणि अंतिम सामना त्यांच्याशिवाय खेळावा लागला. न्यूझीलंडने पुण्यात हेन्रीशिवाय जिंकलं. मुंबईच्या तिसऱ्या कसोटीत तेरा बळींचा मानकरी सँटनरच दुखापतीने बाहेर, तरी एजाज पटेलच्या ११ बळींवर जिंकून मालिका ३-० केली. विल्यम्सन तर मालिकाभर नव्हता. बदली आलेला माणूस बरा खेळतो याला योगायोग म्हणता येतं, पण तीन कसोटींत तीन वेळा झालं की त्यामागे कुणीतरी वर्षानुवर्षं काम केलेलं असतं. ते काम कुठल्या मैदानांवर, कुठल्या पगारावर, कुणाच्या नेटमध्ये होतं, याचा शोध चौथ्या प्रकरणापासून पुढे घेतला आहे. त्यासाठी नेहरू स्टेडियम, पीवायसी, डेक्कन जिमखाना आणि पूना क्लब इथल्या निमंत्रितांच्या स्पर्धांकडे मी गहुंज्याइतकंच लक्ष दिलं आहे. आमच्या क्लबच्या पातळीवर राखीव खेळाडू म्हणजे बहुधा ज्याच्याकडे गाडी आहे तो. तेही लिहिलं आहे.

दोन सूचना. पुस्तकात तक्ते मोजके आहेत, आणि प्रत्येक तक्त्याच्या खाली तो किती चेंडूंवर आधारलेला आहे ते दिलं आहे. वाचकाने आधी तो खालचा आकडा बघावा. तो पाचशेच्या आत असेल तर वरचा तक्ता करमणूक म्हणून वाचला तरी माझी हरकत नाही. दुसरी सूचना निवड समित्यांबद्दल. काही निवडींवर मी सडकून लिहिलं आहे, विशेषतः सोळा वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत. एका स्पर्धेतल्या तीन डावांवर त्या मुलांचं पुढचं वर्ष ठरतं, आणि तीन डाव म्हणजे कधीकधी मिळून चाळीस चेंडू. वरच्या पातळीवरच्या निवडींना मात्र मी शक्यतो नावं ठेवलेली नाहीत. सुंदर की कुलदीप, यावर माझं मत विचाराल तर मी सुंदरलाच घेतलं असतं, आणि सामना बहुधा तरीही गेला असता. दोन डावांत १५६ आणि २४५ केल्यावर गोलंदाजाने आणखी किती ओढायचं?